पनीर विकले, पाणी ओतले

शंभर लिटर गाईचे दूध तापवून सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने फाडले, की हाती पंधरा किलोच्या आसपास पनीर येते. म्हशीचे दूध असेल तर वीस किलोच्या आसपास. मागे उरते ऐंशी-पंच्याऐंशी लिटर हिरवट-पिवळे, आंबूस वासाचे पनीरचे पाणी, म्हणजे निवळी किंवा व्हे. या निवळीत लिटरमागे पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम दुधातली साखर असते, थोडी प्रथिने असतात, पाच-सात ग्रॅम क्षार असतात. गाईच्या शंभर लिटर दुधात सगळे मिळून साधारण बारा किलो घनपदार्थ असतात. त्यातले पाचेक किलो या पाण्याबरोबर निघून जातात. संकलन केंद्रावर शेतकऱ्याचे दूध घेताना फॅट साडेतीन टक्के आणि एसएनएफ, म्हणजे फॅट वगळता उरलेले घनपदार्थ, साडेआठ टक्के लागते, आणि एसएनएफ पॉइंटने घसरला तरी दरात कपात होते. २०२४ मध्ये गाईच्या दुधाचे दर इतके पडले, की राज्य सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले. ज्या साडेआठ टक्क्यांवरून शेतकऱ्याचे पैसे कापले जातात, त्यातला निम्म्याहून अधिक भाग ही दुधातली साखरच असते. गोठ्यापासून संकलन केंद्रापर्यंत ती काटेकोर मोजली जाते आणि पनीरच्या कढईपाशी आल्यावर मोरीत जाते. माझे म्हणणे असे, की लहान पनीरवाल्याने आणि चक्का बांधणाऱ्याने या निवळीची पावडर करण्याच्या मागे लागू नये. ती विरजावी, तिच्यात आपल्याकडच्या फळांचा रस घालावा आणि पेय म्हणून विकावी. आणि या कामाला पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

चिखलीपासून सुरुवात करू. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, आणि मधून इंद्रायणी वाहते. नव्वदच्या दशकात पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेले हे गाव आज तळवडे, मोशी, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांच्या मधोमध आहे. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या दुधाच्या तालुक्यांना ही शहरी बाजारपेठ अगदी हाकेच्या अंतरावर. कामगारवस्त्या, सोसायट्या, मंगल कार्यालये, ढाबे, कारखान्यांची कँटीन, सगळीकडे पनीरला मागणी आहे. समजा, एखादा पनीरवाला दिवसाला पाचशे लिटर दूध फाडतो. हा धंदा मोठा नव्हे, पण त्याच्याकडे रोज चारशे लिटर निवळी उरते. सांडपाण्याचा जोर मोजायचे माप म्हणजे बीओडी, पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना किती प्राणवायू लागतो त्याचा आकडा. निवळीचा बीओडी लिटरमागे ३०,००० ते ५०,००० मिलिग्रॅम भरतो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. कमीतला आकडा धरला तरी प्रमाण हजारपट होते. दुसऱ्या रीतीने पाहा. माणशी रोजच्या सांडपाण्यात साधारण ४५ ग्रॅम बीओडी धरतात. चारशे लिटर निवळीत तो बारा किलो होतो. म्हणजे एका खोलीत चालणारे हे पनीरचे काम अडीचशेहून अधिक माणसांच्या वस्तीएवढा भार गटारात टाकते, आणि तोही सकाळच्या दोन-तीन तासांत.

इंद्रायणीवर येणाऱ्या पांढऱ्या फेसाचे खापर पनीरवाल्यांच्या माथी फोडणे अन्यायाचे ठरेल. त्या फेसामागे शहराचे मैलापाणी आहे, कारखान्यांची रसायने आहेत, साबण-डिटर्जंट आहेत. पण नदीला सोसवत नाही हे एकदा मान्य केले, की आपल्या वाट्याचा भार उचलण्याची जबाबदारी लहानातल्या लहान धंद्यावरही येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामे आणि हजारो शेड पाडली. त्या कारवाईच्या न्याय-अन्यायाची चर्चा वेगळी करावी लागेल. पण त्यातून लहान उद्योजकाने एक गोष्ट समजून घ्यायला हवी. परवाना, सांडपाण्याची सोय आणि कायदेशीर जागा यांवाचून चालणारा धंदा या शहरात फार दिवस टिकणार नाही. निवळी आज फुकट ओतता येते म्हणून ती स्वस्त वाटते. ओतायची बंदी झाली की तीच पनीरच्या किमतीत चढेल.

मोठ्या कारखान्यांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरला पराग मिल्क फूड्सचा प्रकल्प आहे. ‘गोवर्धन’ तूप आणि ‘गो’ चीज तिथलेच. १९९२ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने पुढे चीजच्या व्हेवर प्रक्रिया करून ‘अवतार’ नावाची प्रथिन पावडर बाजारात आणली. कधीकाळी चीज कारखान्यांची डोकेदुखी असलेले पाणी जिममधल्या मुलांसाठी हजारो रुपये किलोने विकले जाऊ लागले, ही मोठीच गोष्ट आहे. पण तिच्याकडे पाहून चिखलीतल्या पनीरवाल्याने स्वप्न रंगवू नये. कारणे दोन. निवळीत त्र्याण्णव-चौऱ्याण्णव टक्के पाणीच असते. शंभर लिटर निवळीची पावडर करायची तर नव्वदहून अधिक लिटर पाणी उडवावे लागते आणि हाती सहा-साडेसहा किलो भुकटी येते. त्यासाठी पडद्यातून गाळणारी यंत्रणा, निर्वातात आटवणारे संयंत्र, फवारून वाळवणारा मनोरा, बॉयलर, हे सगळे लागते. आणि रोज लाखभर लिटरच्या हिशेबात माल आला तरच ते परवडते. चारशे लिटरवाल्याचे ते काम नाही. दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. चीजसाठी दूध फार तापवत नाहीत, त्यामुळे त्यातली निवळीची प्रथिने विरघळलेली राहतात आणि व्हेमध्ये उतरतात. पनीरसाठी मात्र दूध नव्वद अंशांपर्यंत तापवतात. त्या उष्णतेने ही प्रथिने केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटून पनीरबरोबरच साकळतात. पनीरवाल्याला ते फायद्याचेच, कारण वजन वाढते. पण मागे राहिलेल्या पाण्यात प्रथिने लिटरमागे चार-पाच ग्रॅमच उरतात. तेव्हा पनीरच्या निवळीत जिमचे प्रथिन शोधणे व्यर्थ आहे. तिच्यात खरा माल आहे तो साखरेचा आणि क्षारांचा, आणि साखर-क्षारांच्या पातळ पाण्याचा सर्वांत सोपा उपयोग म्हणजे ते पिणे.

पाणी उडवायला पैसे मोजण्यापेक्षा पाण्यासकट विकावे, हा हिशेब लहान उद्योगाला मानवणारा आहे. शिवाय पनीरवाल्याच्या बाजूने एक गोष्ट आधीच घडलेली असते, तिकडे फारसे लक्ष जात नाही. पनीर फाडताना दूध नव्वदपर्यंत चढवून सत्तरच्या आसपास उतरवलेले असते. कापडातून गळणारी निवळी साठ-पासष्ट अंशांवर असते. म्हणजे ती गळते तेव्हा जवळपास निर्जंतुकच असते. बिघडते ती नंतर. उघड्या घमेल्यात, काल न धुतलेल्या बादलीत, फरशीवरून वाहत जाताना तिच्यात जंतू पडतात, आणि कोमट झाल्यावर ती चार-सहा तासांत नासते. झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या कॅनमध्ये ती गरम असतानाच भरली, कॅनला उष्णतारोधक आवरण असले आणि तापमान साठच्या खाली जाऊ दिले नाही, तर गोळा होईपर्यंतच्या दोन-तीन तासांत तिला फारसे काही होत नाही. दूध गोळा करायला बर्फ आणि चिलर लागतो. निवळी गोळा करायला ताजी ऊब पुरते. गावातल्या दहा-पंधरा पनीरवाल्यांचा माल एका ठिकाणी आणण्याचा सगळा प्रश्न या एका गोष्टीवर सुटू शकतो.

पुढची कृती डेअरीतल्या कुणालाही अवघड वाटणार नाही. निवळी कापडातून गाळायची, वर आलेली चरबी काढून घ्यायची, पुन्हा पंच्याऐंशी-नव्वदपर्यंत तापवून काही मिनिटे ठेवायची. तळाशी जो पांढरा साका बसतो ती उरलीसुरली प्रथिने. तो गाळून काढला तर पेय स्वच्छ होते, ठेवला तर दाट होते. मग चाळीस अंशांवर आणून दोन-तीन टक्के विरजण लावायचे. विरजण घरच्या दह्याचे चालणार नाही. ओळखीच्या, तपासलेल्या लॅक्टिक जिवाणूंचे हवे. रात्रभरात आंबटपणा चढून पीएच साडेचारच्या खाली आला की लगेच थंड करायचे. आता रस. तो वेगळा तापवून थंड केलेला हवा आणि विरजल्यावरच घालायचा. रस आधी घातला तर जिवाणू फळाचीही साखर खातात, चव अनोळखी होते आणि प्रत्येक घाणीचा स्वाद वेगळा निघतो. रसाचे प्रमाण चवीवर ठरते, पण कायद्याची खालची पायरी लक्षात ठेवायला हवी. अन्नसुरक्षेच्या नियमांत फळपेय म्हणवून घ्यायला किमान दहा टक्के रस लागतो, लिंबाच्या बाबतीत पाच. भरलेली बाटली चार-पाच अंशांवर दोन आठवडे चांगली राहते. जिवाणू जिवंत ठेवायचे असतील तर ही थंड साखळी सोडून चालणार नाही. बाटली पुन्हा तापवली तर ती अधिक टिकते, पण मग ‘प्रोबायोटिक’ असे लिहिण्याचा हक्क राहत नाही.

कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली रॉबर्ट बार्ट यांनी ‘रिव्हेला’ नावाचे पेय काढले. त्यात सुमारे पस्तीस टक्के निवळी असते, आणि त्या देशात ते घरोघरी पितात. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने ‘व्हेविट’ आणि ‘ॲसिडोव्हे’ या निवळीच्या पेयांच्या पद्धती काही दशकांपूर्वीच बसवल्या. आंबा, अननस, संत्रे, पेरू यांच्या रसांवर कृषी विद्यापीठांतून प्रबंधांमागून प्रबंध झाले. तरी दुकानात जाऊन निवळीचे पेय मागा, मिळत नाही. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: कृती इतकी सोपी आणि इतकी जुनी असेल तर धंदा का उभा राहिला नाही? मला याची दोन उत्तरे दिसतात. पहिले असे, की संशोधन झाले ते मोठ्या डेअरीचा विचार करून, आणि मोठ्या डेअरीला पावडरचा रस्ता अधिक फायद्याचा वाटला. जिथे निवळी खरोखर वाया जाते, ते लहान पनीरवाले विखुरलेले होते. त्यांच्याकडून ती गोळा करण्याची व्यवस्था कुणी केली नाही. दुसरे उत्तर चवीचे आहे. निवळी किंचित खारट असते, आणि ती खारट चव झाकण्यासाठी बहुतेक कृतींत आठ-दहा टक्के साखर घातली जाते. मग जे बनते ते गोड सरबत. ते बाजारातल्या जाहिरातबाज शीतपेयांशी त्यांच्याच मैदानावर झुंजायला जाते आणि हरते.

इथेच मराठी जिभेचा फायदा घ्यायला हवा. युरोपातल्या माणसाला पेयातला खारटपणा दोष वाटतो. आपण उन्हाळाभर मीठ घातलेले ताक पितो, जिरे-आले-कोथिंबिरीचा मठ्ठा पितो, कोकमचे सरबत मिठाशिवाय करत नाही, पन्ह्यातही चिमूटभर मीठ टाकतो. नाचणीची आंबील ही तर सरळ आंबवलेलीच. निवळीचा खारटपणा झाकायची आपल्याला गरजच नाही. तो फुलवायचा आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कोकमचा आगळ विरजलेल्या निवळीत घातला, जिऱ्याची पूड आणि थोडा गूळ घातला, तर साखर निम्म्याने कमी करता येईल. आवळ्याचेही तेच. कैरी तर निवळीशी उत्तम जमणारी, कारण तिचा आंबटपणा आणि वास दोन्ही तीव्र असतात. निवळीचा जो हलका दुधाळ वास काहींना खटकतो, तो कैरीपुढे उरत नाही. गोडाच्या बाजूने जायचे असेल तर अननस, संत्रे, पेरू, केशर आंबा. जुन्नर-नारायणगावची द्राक्षे जवळच आहेत. पावसाने तडकलेला, निर्यातीतून बाद झालेला माल रसाला चालतो. पुरंदरचे अंजीर रुचेल, पण त्याचा रस दाट आणि महाग, ते सणासुदीच्या बाटलीपुरते ठेवावे.

सगळी फळे मात्र सारखी वागत नाहीत. जांभूळ आणि डाळिंब रंगाला सुंदर, पण त्यांच्यात टॅनिन भरपूर. टॅनिन उरलेल्या प्रथिनांना पकडते आणि दोन दिवसांत बाटलीच्या तळाशी जांभळा गाळ बसतो. गाळ खाण्यात वाईट नसतो, तरी गिऱ्हाईक बाटली परत आणते. अशा रसासाठी निवळी आधी तापवून तिच्यातला साका पूर्ण गाळून घ्यावा लागतो, किंवा पेक्टिन घालून कण धरून ठेवावे लागतात. कच्च्या पपईत आणि कच्च्या अननसात प्रथिने तोडणारी विकरे असतात, त्यामुळे कडवटपणा येऊ शकतो; म्हणून अननसाचा रस नीट तापवूनच घ्यायचा. लहान उद्योजकाने एकदम सहा स्वाद काढण्यापेक्षा कोकम आणि कैरी हे दोनच घेऊन त्यांत हात बसवावा, असे मी म्हणेन.

यानंतर येतो दारूचा प्रश्न, आणि देहू-आळंदीच्या मधल्या गावात तो विचारला जाणारच. आंबवलेले म्हणजे मादक का? लॅक्टिक जिवाणू साखरेचे आम्ल करतात. दह्यात जे घडते तेच इथे घडते, आणि दह्याने कुणाला नशा चढत नाही. नेहमीच्या पावाच्या यीस्टला दुधातली साखर पचत नाही. ती पचवणारे वेगळे यीस्ट आहे, आणि ते वापरून आयर्लंडच्या कारबेरी कंपनीने १९७८ पासून निवळीचे अल्कोहोल काढले आहे. पण तो मुद्दाम केलेला उद्योग. आपल्या पेयात धोका निवळीकडून येत नाही, तो फळाकडून येतो. द्राक्षाच्या सालीवर, आंब्याच्या देठाशी जंगली यीस्ट असते, आणि रसातली साखर त्याच्या आवडीची असते. आपल्या नियमांनुसार अर्ध्या टक्क्याहून अधिक अल्कोहोल असले की पेय मादक गटात जाते. एवढ्यासाठी लिटरमागे फक्त आठ ग्रॅम साखर आंबायला लागते. म्हणजे गोड पेयातल्या साखरेचा दहावा हिस्सा जरी यीस्टने खाल्ला, तरी मर्यादा ओलांडली जाते. बाटली फुगते, झाकण उडते, आणि परवाना जातो तो वेगळाच. म्हणून रस तापवल्याशिवाय घालायचा नाही, बाटली बाहेर ठेवायची नाही, आणि दर घाणीची एक बाटली उबेत ठेवून फुगते का पाहायचे. साखर कमी ठेवण्याचा हा आणखी एक फायदा: यीस्टला खायलाच कमी मिळते.

दुसरा आक्षेप प्रकृतीचा. काही जण म्हणतील, शेवटी हेही साखरेचे पाणीच. यात तथ्य आहे आणि ते लपवू नये. विरजताना दुधातली साखर पाव-एक हिश्श्यानेच कमी होते. लिटरमागे पस्तीस-चाळीस ग्रॅम उरतेच. त्यावर आठ टक्के साखर घातली तर एकूण साखर कोलाच्या बाटलीपेक्षाही वर जाते. त्या बाटलीवर आरोग्याचे गोडवे गाणे ही फसवणूक ठरेल. कोकम-कैरीच्या खारट-आंबट वाटेने गेले तर चित्र बदलते, म्हणूनच मी त्या वाटेचा आग्रह धरतो. ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही सरसकट ‘हे चालेल’ असे सांगता येणार नाही. विरजल्याने त्रास कमी होतो, नाहीसा होत नाही. निवळीत पोटॅशियम लिटरमागे साधारण दीड ग्रॅम असते, कॅल्शियम असते, आणि उन्हातून आलेल्याला ते उपयोगी पडते. तरी घामातून मुख्यतः सोडियम जाते, तेव्हा जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पाण्याची जागा हे पेय घेऊ शकत नाही. जे आहे तेवढेच सांगितले तरी ते पुरेसे चांगले आहे.

तिसरा आक्षेप करणारे विचारतात, निवळी गुरांना पाजा किंवा गोबर गॅसला घाला, एवढा उपद्व्याप कशाला? गावात, गोठ्याशेजारी पनीर होत असेल तर ताजी निवळी जनावरांना बेताने द्यावी, उत्तम. चिखलीत मात्र गोठे मागे हटले आणि इमारती आल्या. त्र्याण्णव टक्के पाणी टेम्पोत घालून गुरांपर्यंत नेण्यात डिझेलच जाईल. गॅसचा हिशेब मांडून पाहू. चारशे लिटर निवळीतला सगळा कचरा पचला तर साधारण सात घनमीटर मिथेन निघेल, म्हणजे घरगुती सिलिंडरचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक गॅस. शिवाय नुसती आंबट निवळी घातली तर गॅसचे डबके आंबते आणि बंद पडते. शेण मिसळावे लागते. हिवाळ्यात पेयाचा खप उतरेल, तेव्हा उरलेला माल तिकडे जरूर वळवावा. पण चारशे लिटर पिण्याजोगा पदार्थ सिलिंडरच्या तिसऱ्या हिश्श्याला विकणे हा शहाणपणाचा सौदा नव्हे.

खरा कस लागतो तो स्वच्छतेवर, आणि इथे मी पनीरवाल्यांची बाजू घेणार नाही. ज्या खोलीत भिंतीला बुरशी आहे, जिथे कापड दिवसाआड धुतात, तिथली निवळी कुणाला पाजू नये. भेसळीच्या पनीरवर अन्न व औषध प्रशासनाचे छापे पडतात, त्याच्या बातम्या येतात. वनस्पती तेलाचे ‘ॲनालॉग’ पनीर करणाऱ्याची निवळी तर या कामाला नकोच. म्हणून प्रत्येक पनीरवाल्याने स्वतःचे पेय काढावे असे माझे म्हणणे नाही. दहा-पंधरा जणांनी मिळून एक केंद्र काढावे. कॅन केंद्राच्या, धुण्याची जबाबदारी केंद्राची. दारात तापमान, आंबटपणा आणि भेसळ तपासून निवळी घ्यावी, जी नापास होईल ती परत. निवळीला लिटरमागे थोडे का होईना पैसे मिळू लागले की पनीरवाला आपोआप बादली धुऊ लागतो. नियमाने जे वर्षानुवर्षे साधले नाही ते काही अंशी दराने साधते, हे दुधाच्या संकलनात फॅटच्या मापाने सिद्ध झालेच आहे.

असे केंद्र उभे करायला लागणारे कसब या पट्ट्यात आधीपासून आहे. पिंपरीत १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन म्हणजे स्टीलच्या टाकीत वाढवलेल्या बुरशीचे काम. पुढे तिथेच एम. जे. थिरुमलाचार यांनी ‘हमायसिन’ हे बुरशीनाशक औषध शोधले. शुद्ध जंतू वाढवायचा, परका जंतू आत येऊ द्यायचा नाही, ही विद्या या शहरात सत्तर वर्षांची आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथून तपासलेले जिवाणू मिळतात. राहिली यंत्रे. पाचशे लिटरची दुहेरी भिंतीची टाकी, ढवळणारा दांडा, थंड पाण्याची नळी, झडपा. भोसरी-चिखली-तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये मोटारींचे सुटे भाग दशांश मिलिमीटरच्या आत बसवणाऱ्या फॅब्रिकेटरला हे काम काही नवल नाही. फक्त आतले वेल्डिंग घासून गुळगुळीत हवे, कारण खाचेत निवळी अडकली की तिथे जंतूंचे घर होते. पैशाच्या बाजूने, २०२० पासून केंद्र सरकारची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आहे. तिच्यात वैयक्तिक उद्योगाला खर्चाच्या पस्तीस टक्के, दहा लाखांपर्यंत अनुदान मिळते, आणि गटाच्या सामायिक सुविधेलाही मदत आहे. महिला बचत गटांनी लोणची-पापडांच्या पलीकडे जायचे ठरवले तर हे काम त्यांच्या आवाक्यातले आहे.

गिऱ्हाईक कुठून आणायचे? दुकानांच्या फ्रीजमध्ये शीतपेय कंपन्यांशी जागेसाठी भांडण्याची गरज नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे कँटीन सक्तीचे केले, आणि चाकण-भोसरीत अशी कँटीन पुष्कळ आहेत. फोर्जिंग आणि फाउंड्रीच्या भट्ट्यांपाशी मार्च ते जून काम करणाऱ्या माणसाला दुपारी गार, खारट-आंबट काहीतरी हवेच असते. तिथे आजही ताक-मठ्ठा जातोच. कँटीनला बाटली नको, लेबलचा झगमगाट नको. वीस लिटरच्या थंड कॅनमध्ये सकाळी पोचलेला माल दुपारपर्यंत संपतो. टिकवण्याचा प्रश्न नाही, बाटलीचे प्लास्टिक नाही, जाहिरातीचा खर्च नाही. पेयाला ठरलेला रोजचा खप मिळतो, आणि लहान उद्योगाला ठरलेल्या खपाइतका दुसरा आधार नसतो. पालखीच्या काळात आकुर्डी, दिघी, आळंदी रस्त्यावर वारकऱ्यांना सरबत वाटणारी मंडळेही हे पेय घेऊ शकतील, पण तो आठवड्याचा खप. धंदा उभा राहील तो कँटीनवर.

तेव्हा माझी विनंती दोघांना आहे. चिखली, मोशी, तळवड्यातल्या पनीरवाल्यांनो, येत्या पाडव्यापर्यंत दहा जण एकत्र या, रोज किती लिटर निवळी ओतता ते कागदावर मांडा आणि जिल्हा कृषी कार्यालयात जाऊन सामायिक केंद्राचा अर्ज विचारा. आणि कारखान्यांच्या कँटीन व्यवस्थापकांनो, पुढच्या उन्हाळ्याच्या पुरवठ्याची निविदा काढताना ताक आणि मठ्ठा यांच्या खाली एक ओळ वाढवा: विरजलेल्या निवळीचे कोकम पेय, वरून घातलेली साखर चार टक्क्यांच्या आत, रोज दोनशे लिटर.